डाव्या मैदानामागची इलोना

इलोना बार्टाच्या तोंडाला आमची सगळी वस्ती वचकून असायची, पण ते तोंड खरं सुटायचं ते एकाच ठिकाणी. ओहायोतल्या आमच्या गावच्या बेसबॉल संघाच्या, हॅमर्सच्या मैदानावर, डाव्या बाजूच्या उघड्या बाकांवर. तिथं डोक्यावर छप्पर नाही, पाठीला टेकायला काही नाही आणि तिकीट सगळ्यांत स्वस्त. बॅट धरलेला माणूस इतका लांब की त्याचा चेहरासुद्धा दिसत नाही. जवळून दिसतो तो फक्त डावं मैदान सांभाळणारा खेळाडू, आणि तोही पाठमोरा. इलोनाला तेवढा पुरे होता. लग्नाच्या आधीपासून ती तिथं बसत आली होती आणि तेवढ्या वर्षांत त्या जागी जो कुणी उभा राहिला त्याची धडगत नव्हती. आपला असो की पाहुण्यांचा, झेल सुटला की ती उठायची, दोन्ही हात तोंडाभोवती धरायची आणि ओरडायची, "जा रे घरी, आई वाट बघतेय."

आवाज असा की पार मधोमध चेंडू टाकणाऱ्या पिचरपर्यंत जायचा. लोक त्या ओरडण्यासाठी थांबलेले असायचे. एकदा पाहुण्यांच्या एका खेळाडूनं मागं वळून टोपी काढली आणि तिला वाकून नमस्कार केला, तेव्हा आमच्या बाकांवर आठवडाभर पुरेल एवढं हसू झालं.

मी तिच्याहून बरीच लहान. आम्ही दोघी शाळेच्या बस चालवायचो. ती नदीपलीकडच्या मुलांची, मी तळ्याकाठच्या. मला नोकरीला तिनंच लावलं. पहिल्या हिवाळ्यात माझी बस बर्फावरून घसरून विजेच्या खांबाला जाऊन टेकली, तेव्हा ती सगळ्यांदेखत म्हणाली, "युडिट, तो खांब तुझ्या जन्माआधीपासून तिथं आहे. तो बाजूला होईल म्हणून थांबू नकोस." आणि मग पुढचा आठवडाभर स्वतःचं काम आटोपून माझ्या शेजारी बसून आली. आम्हा हंगेरियन लोकांत मोठ्या बाईला नेनी म्हणतात. मी तिला इलोना नेनी म्हणायचे, पण आमचं होतं मैत्रिणींसारखं.

तिचा नवरा लायोश पोलाद कारखान्यात भट्टीवर होता. त्याला बेसबॉलचं काडीचंही वेड नव्हतं. "पायजमे घातलेले बाप्ये," म्हणायचा. रविवारी ती मैदानावर गेली की तो घरी कोंबडीचं पाप्रिकाश शिजवून ठेवायचा आणि ती तोंड पाडून आली की पुढ्यात ताट ठेवून विचारायचा, "आज कुणाला घरी पाठवलंस?" छातीच्या दुखण्यानं तो गेला, तेव्हा त्यांच्या एकुलत्या एका मुलाला, गेझाला, नुकतं मिसरूड फुटत होतं.

गेझा बापासारखा कमी बोलणारा निघाला आणि वेड आईचं घेऊन आला. घरामागच्या गल्लीत नेनी त्याला चेंडू उंच फेकून द्यायची. कपडे वाळत घातलेल्या दोऱ्यांवरून, शेजाऱ्यांच्या छपरावरून. तो धावत जाऊन झेलायचा. बॅट त्याच्या हातात कधीच फार चालली नाही, पण झेल तो सोडत नसे. शाळा संपल्यावर कुणीतरी त्याला करारावर घेतलं आणि तो लहानसहान गावांच्या संघांतून बसमध्ये झोपत, पेट्रोल पंपावर जेवत दहा-बारा वर्षं फिरला. मोठ्या संघात दोनदा जाऊन आला, दोन्ही वेळा काही आठवड्यांपुरता. नेनी डेपोत कधी त्याच्याबद्दल फुशारकी मारत नसे. कुणी विचारलं तर म्हणायची, "आहे कुठंतरी. धावतोय."

मी सांगतेय त्या वर्षी जुलैमध्ये गेझानं आईला फोन केला आणि हंगाम संपला की खेळ सोडणार म्हणून सांगितलं. ओक्लाहोमात त्याचा एक मित्र घरांची छपरं घालायचं काम करत होता, त्याच्याबरोबर जायचं ठरलं होतं. नेनी म्हणाली, "बरं." दुसऱ्या दिवशी डेपोत मला ते सांगताना तिच्या आवाजात दुःख नव्हतं, उलट सुटल्यासारखं वाटत होतं. म्हणाली, "छप्पर घातलं की निदान ते तिथं राहतं तरी."

आणि ऑगस्टमध्ये हॅमर्सच्या डाव्या मैदानावरच्या खेळाडूचा पाय मोडला. संघाला तिथं उभा करायला स्वस्तातला, झेल न सोडणारा माणूस हवा होता. त्यांनी गेझाला उचललं.

एरवी ही बातमी वस्तीपुरतीच राहिली असती. पण त्या वर्षी हॅमर्स खरोखरच शर्यतीत होते. आमच्या गटात जो पहिला येईल तोच पुढं जाणार, आणि पहिलं होतं डेट्रॉइट. आम्ही मागून येत होतो. आमच्या गावाला मागून येण्याची सवय नव्हती. मागं राहण्याची होती. युद्धानंतर हॅमर्स कधी वर आलेच नव्हते. कारखान्याच्या दोन भट्ट्या बंद पडल्या होत्या, तिसरीचं काही खरं नव्हतं, तरुण मुलं टेक्सासला निघून चालली होती. अशा गावात लोक सकाळी उठून पहिल्यांदा विचारू लागले, "डेट्रॉइटचं काय झालं?"

आमच्या डेपोचा मेकॅनिक डेझो बाची (बाची म्हणजे आमच्याकडचा काका) यानं गाड्यांचे मार्ग लिहायच्या फळ्याचा अर्धा भाग पुसून टाकला आणि तिथं दोन संघांची नावं लिहिली. रोज सकाळी हात पुसून तो खडूनं जिंकलेल्या सामन्यांचे आकडे बदलायचा. साहेबानं विचारलं, "आणि मार्ग कुठं लिहायचे?" डेझो बाची म्हणाला, "मार्ग तेच आहेत. बदलतंय ते एवढंच."

गेझा हॉटेलात न राहता घरी, आपल्या जुन्या खोलीत राहायला आला. किती दिवस ठेवतील याचा भरवसा नव्हता. पलंग त्याला आखूड पडायचा. सामना घरच्या मैदानावर असला की दुपारी तो बॅग घेऊन दारातून निघायचा आणि अख्खी गल्ली ओट्यावर यायची. न्हाव्यानं त्याच्याकडून पैसे घेणं बंद केलं. ज्या म्हाताऱ्यांना मैदान कुठल्या दिशेला आहे हेही ठाऊक नव्हतं त्या त्याला थांबवून कपाळावर क्रॉस काढायच्या. त्याला ते आवडत नसे, पण तो मान खाली करून उभा राहायचा.

खेळला तो ठीक. बॅटनं फार काही केलं नाही, पण डाव्या मैदानात त्याच्या हातून काही निसटलं नाही. सप्टेंबर सरत आला तसं डेट्रॉइट अडखळलं आणि आमच्यातलं अंतर एकेका सामन्यानं कमी होत गेलं. आम्ही जिंकलो की ते जिंकायचे, आम्ही हरलो की ते हरायचे, आणि मग एका बुधवारी आम्ही जिंकलो आणि ते हरले. दुसऱ्या दिवशी डेझो बाचीनं दोन्ही नावांपुढं एकच आकडा लिहिला आणि खडू खिशात ठेवून तो बराच वेळ फळ्यासमोर उभा राहिला. शेवटचे तीन सामने डेट्रॉइटशीच होते, आमच्याच मैदानावर.

त्या सुमाराची एक संध्याकाळ मला आठवते. मी नेनीच्या स्वयंपाकघरात कोबीची पानं उकडत होते, ती त्यात मांस भरून गुंडाळत होती, आणि गेझा मेजाशी बसून नुसतं बघत होता. त्या आठवड्यात त्याचं वजन उतरलं होतं.

तो म्हणाला, "आई, खेळाडूंच्या घरच्यांसाठी वेगळ्या जागा असतात. छप्पर आहे, गादी आहे. तिथं का नाही बसत?"

"तिथं बायका केस सेट करून येतात. मला तिथं ओरडता येणार नाही."

"म्हणूनच म्हणतोय."

आम्ही तिघंही हसलो. मग तो म्हणाला, "आणि माझ्याच हातून झेल सुटला तर?"

"तू झेल सोडत नाहीस," नेनी म्हणाली. तिनं वर पाहिलंही नाही.

"मला झोप लागत नाही, आई. जुलैमध्ये सोडलं असतं तर बरं झालं असतं."

"रविवारी संध्याकाळी सोड. तीन दिवस राहिलेत. तोपर्यंत खा."

ती कठोर नव्हती. तिला खरंच वाटत होतं की झोप न लागणं हा भुकेचा प्रकार आहे. आणि मी खोटं कशाला बोलू, त्या आठवड्यात आम्हा कुणालाच झोप लागत नव्हती. गेझाचं काही वेगळं असेल असं मनातही आलं नाही.

शुक्रवारचा सामना आम्ही जिंकलो, शनिवारचा हरलो. सगळं रविवारवर आलं.

रविवारी पाद्रीबाबांनी प्रवचन इतकं आवरतं घेतलं की म्हाताऱ्या गुडघे टेकून नीट बसल्याही नव्हत्या. आम्ही चर्चमधून थेट मैदानावर गेलो. नेनी, मी, डेझो बाची, डेपोतले आणखी काहीजण, सगळे आमच्या नेहमीच्या बाकांवर. नेनीनं लायोशचा जुना कोट घातला होता. तिच्या आजूबाजूच्या लोकांना ती कोण ते माहीत होतं. पुढच्या रांगेतल्या एका अनोळखी माणसानं आपलं सॉसेज मोडून अर्धं तिला दिलं.

सामन्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. दोन्ही संघ घाबरून खेळत होते. शेवटच्या, नवव्या डावात डेट्रॉइटची बॅट होती आणि आम्ही एका धावेनं पुढं होतो. त्यांचे दोन गडी बाद झाले होते, दोघे धावेच्या वाटेवरच्या थांब्यांवर, बेसवर, उभे होते. आणखी एक गडी बाद झाला की संपलं. लोक उभे होते, पण ओरडत कुणी नव्हतं. ऊन कलून आलं होतं आणि समोरच्या छपरावरून थेट आमच्या डोळ्यांत येत होतं.

त्यांच्या माणसानं बॅट फिरवली आणि चेंडू उंच उडाला. आमच्याच बाजूला. जोर फार नव्हता. आवाजावरून डेझो बाची म्हणाला, "झालं," आणि त्यानं माझा दंड धरला. गेझा चार पावलं मागं आला, थांबला, ग्लोव्ह वर केला. आमच्यापासून इतका जवळ होता की त्याच्या मानेवरचा घाम दिसत होता. मी चेंडू शोधायला वर पाहिलं, तर मला नुसतं ऊन दिसलं. त्यालाही तेच दिसलं असणार. त्यानं दुसरा हात डोळ्यांवर धरला, मान वाकडी केली, एक पाऊल पुढं टाकलं, मग एक मागं. चेंडू त्याच्या ग्लोव्हच्या काठावर आदळला आणि गवतात पडला.

आणि माझ्या शेजारून तो आवाज आला. "जा रे घरी, आई वाट बघतेय."

हात तोंडाभोवती, पाय फाकवलेले, नेहमीसारखीच. त्या जागी कुणीही झेल सोडला असता तर तिच्या तोंडून हेच निघालं असतं, आणि ते तोंड आता नव्यानं कुणाची ओळख पटवून घ्यायला थांबलं नाही. मैदान गप्प होतं, त्यामुळं ते शब्द सगळीकडं गेले. गेझानं चेंडू उचलून फेकला, पण तोवर त्यांचे दोघेही धावून 'घरी', म्हणजे शेवटच्या बेसवर, पोचले होते आणि डेट्रॉइट एका धावेनं पुढं गेलं होतं. फेकल्यावर तो वळला. कुणाकडं पाहतोय हे समजायला त्याला शोधावं लागलं नाही. ती कुठं बसते ते त्याला लहानपणापासून माहीत होतं.

नेनीचे हात अजून तोंडाभोवती होते. ते तिनं हळूहळू खाली घेतले. मागून कुणीतरी फस्सकन हसलं. मग पुढच्या रांगेतला तो सॉसेजवाला हसला, त्याला आवरेना, आणि मग बरेचजण हसले. जे रडकुंडीला आलेले असतात त्यांना हसू लवकर फुटतं. आमच्या शेवटच्या डावात काही झालं नाही. तिघेही पटापट बाद झाले. डेट्रॉइटचे खेळाडू एकमेकांच्या अंगावर उड्या मारत होते. आमचे लोक न बोलता जिने उतरत होते. नेनी बसून राहिली. सफाईवाले झाडत झाडत आमच्यापर्यंत आले तेव्हा मी तिला उठवलं.

त्या संध्याकाळी तिनं भरल्या कोबीच्या गुंडाळ्या गरम केल्या, दोन ताटं मांडली. गेझा आला नाही. मंगळवारी ती फेरीवरून परतली तेव्हा त्याची खोली आवरलेली होती, पलंगावर चादर घडी घालून ठेवलेली होती आणि बॅग नव्हती. शेजारणीनं सांगितलं, सकाळी टॅक्सी आली होती.

वर्तमानपत्रात फोटो आला: ग्लोव्ह, चेंडू आणि मधलं अंतर. तो लोकांनी सहन केला असता. पण ते ओरडणं कुणा बातमीदाराच्या कानावर गेलं आणि त्यानं त्याची मजेदार गोष्ट करून छापली. आठवड्याभरात ती शहरभर झाली. दारूच्या गुत्त्यात कुणाच्या हातून पेला निसटला की लोक तेच वाक्य म्हणायचे. तिच्या बसमधली मुलं सफरचंदं फेकायची, एकाच्या हातून सुटलं की बाकीची एका सुरात ओरडायची. मोठ्या मुली त्यांना गप्प करायच्या. नेनी आरशात बघायची नाही, गाडी चालवत राहायची. मी साहेबाला सांगून आमचे मार्ग बदलून घेऊ का म्हणून विचारलं. ती म्हणाली, "तुझ्या बसमधली मुलं काय बेसबॉल बघत नाहीत?"

डेझो बाचीनं फळा पुसला. त्यानंतर तो तिच्याशी बोलेना. तिची बस दुरुस्तीला आली की दुसऱ्या कुणाला तरी गाडीखाली पाठवायचा. महिनाभरानं, कॉफीच्या वेळी, तीच त्याच्यासमोर जाऊन बसली.

"बोला बाची. काय ते बोलून टाका."

तो कप फिरवत राहिला. मग म्हणाला, "इलोना, तुझ्यावर माझा राग नाही. पण मी एकाहत्तरचा आहे. हे परत येईल तेव्हा मी असेन का? पोरगा तुझा आहे, चांगला आहे, मला सगळं कळतं. पण रात्री डोळे मिटले की तो चेंडू खाली येतो आणि मी म्हणतो, अरे, धर ना. एवढंच तर काम होतं तुझं."

मला वाटलं ती आता त्याच्या अंगावर धावून जाईल. तिनं नुसती मान हलवली.

"मीही तेच म्हणते," ती म्हणाली.

ती उठून गेल्यावर डेझो बाचीनं माझ्याकडं पाहिलं. त्याला ते अपेक्षित नव्हतं, आणि मलाही नव्हतं. मी बाहेर गेले तर ती बसच्या पायरीवर बसली होती.

"युडिट, लोकांना वाटतं, मी सवयीनं ओरडले," ती म्हणाली. "सवयीनंच ओरडले, ते खरंय. पण मग थांबायला हवं होतं ना? अजून थांबलेलं नाही. घरी त्याचा फोटो पुसते आणि मनात येतं, कसा सोडलास रे. आई आहे मी त्याची. त्याची झोप उडाली, वजन उतरलं, तो माझ्यासमोर बसून सांगत होता, आणि मला अजून तो झेल हवाय."

मलाही हवा होता.

हॅमर्सनी गेझाला सोडून दिलं आणि दुसऱ्या कुणी घेतलं नाही. तो ओक्लाहोमाला गेला, छपरं घालू लागला. नाताळला त्याचा फोन आला. तिकडं ऊन आहे का, इकडं बर्फ किती पडला, एवढं बोलून दोघांनी ठेवला. तिनं पत्रं पाठवली नाहीत. म्हणाली, कागदावर ते फार वाईट दिसतं. वसंतात शाळेला सुट्टी लागली तेव्हा तिनं जायचं ठरवलं आणि मला म्हणाली, "तू चल. एकटीला मला परत यायची लाज वाटेल."

बसचा लांबचा प्रवास होता. तिनं मांडीवर डब्यात अक्रोडाचं सारण भरून भाजलेली गोड गुंडाळी घेतली होती आणि ती तो डबा खाली ठेवायला तयार नव्हती. बस चालवणाऱ्या माणसाच्या गिअर टाकण्यावर ती सुरुवातीला एकदोनदा बोलली, मग गप्प झाली.

गेझा स्टँडवर न्यायला आला होता. उन्हानं काळवंडला होता, हातांना डांबराचे डाग. मार्लिस नावाच्या एका बाईबरोबर, तिच्या लहान मुलीसह राहत होता. बाई चांगली होती. तिनं मांस भाजलं, आमच्यासाठी नवे टॉवेल काढले. सगळे एकमेकांशी फार जपून, नीट वागत होते. जेवण झाल्यावर मार्लिस मुलीला घेऊन आत गेली. मी उठू लागले तर नेनीनं माझ्या मनगटावर हात ठेवला.

"गेझा, त्या दिवशी मी..."

"राहू दे, आई."

"नाही. मी जे ओरडले..."

"तू बरोबरच ओरडलीस," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "मी तिथं तुझ्याशेजारी बसलो असतो तर मीही तेच ओरडलो असतो. तूच शिकवलंस. झेल सुटला की माणूस कोण आहे ते बघायचं नाही."

"मी आई आहे तुझी."

"हो," तो म्हणाला. तो हातावरचं डांबर नखानं खरवडू लागला. "तू वाईट वाटून घेऊ नकोस. माझं इथं ठीक आहे. इथं कुणाला माहीत नाही. मार्लिसलाही फक्त एवढंच माहीत आहे की मी खेळायचो. पण तू बसच्या दारात उभी राहिलीस ना आज, आणि मला आधी ते ऊनच दिसलं. तुझा चेहरा नंतर दिसला. येऊ नकोस असं मी म्हणत नाही."

ते कळायला तिला वेळ लागला नाही.

"नाही, नाही," ती म्हणाली. "मला तरी कुठं एवढा प्रवास झेपतो."

आम्ही चार दिवस राहायला गेलो होतो, दुसऱ्या दिवशी निघालो. गुंडाळी त्यांनी खाल्ली की नाही, माहीत नाही. परतीच्या वाटेवर ती खिडकीबाहेर बघत होती. मिसूरी मागं पडल्यावर एकदाच म्हणाली, "डोळ्यांखाली बघितलंस? अजून झोपत नाही तो."

त्यानंतर ती मैदानावर गेली नाही. तिच्या जागेवर काही दिवस कुणी बसलं नाही, मग लोक बसायला लागले. हॅमर्स पुढच्या वर्षी तळाला गेले आणि तिथंच राहिले. डेझो बाची त्याच्या अंदाजाप्रमाणेच, दुसरी संधी न बघता गेला. तिसरी भट्टीही बंद झाली. शाळेत मुलं कमी झाली तसे दोन मार्ग एकत्र करून नदीपलीकडची आणि तळ्याकाठची मुलं एकाच बसमध्ये बसवली. ती चालवायला मला दिली आणि नेनीला घरी बसवलं. मी संध्याकाळी जायचे. ती रेडिओ लावायची नाही. मी विचारलं, "ऐकायचंच नाही का आता?" तर म्हणाली, "ऐकलं की आवडतं. म्हणून."

साखर वाढली, पायाची दोन बोटं काढली, मग डोळे अधू झाले. नाताळचा फोन येत राहिला. पुढं पुढं तोही मार्लिस करायची. एका फेब्रुवारीत नेनी गेली. सकाळी मी कॉफी घेऊन गेले तर उठलीच नाही.

गेझा अंत्यविधीला आला. केस मागं गेले होते, पाठ छपरांवर वाकून वाकून तशीच राहिली होती. चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसला. पुढं ये म्हटलं तर आला नाही. तरीही लोकांनी ओळखलंच. दोन म्हातारे मान वळवून त्याच्याकडं बघत राहिले आणि एकानं दुसऱ्याच्या कानाशी लागून काहीतरी सांगितलं. गेझानं ते पाहिलं. दफनानंतर चर्चच्या हॉलमध्ये जेवण होतं, सूप आणि शेवया. तो दारापर्यंत आला आणि कोटाची बटणं लावू लागला.

मी म्हटलं, "दोन घास खाऊन जा. तुझ्या आईच्या नावाचं आहे."

"निघतो मी. अंधार पडायच्या आत ओहायोबाहेर पडायचंय." मग तो थांबला. "युडिट नेनी, मैदानाच्या अंगानं न जाता हायवेला लागता येतं का?"

तो मला पहिल्यांदाच नेनी म्हणाला होता. मी त्याला रस्ता सांगितला. जुन्या भट्ट्यांच्या मागून, रेल्वेच्या यार्डाला वळसा घालून, बराच लांबचा. त्यानं तो दोनदा म्हणून घेतला, नीट पाठ केला, आणि गाडीत बसून गेला.